गाजर गवताची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत का सापडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील 58 वर्षांचे, बार्शी तालुक्यात शेती करतात. गेली काही वर्षे पावसाळा लागला की पापण्या, मान आणि कोपराच्या आतली वळी लाल होते, खाजते, चिघळते. आता मानेची कातडी जाड आणि काळी पडली आहे. रक्ताची ॲलर्जी तपासणी केली, त्यात परागकणांचे सगळे आकडे नॉर्मल आले, म्हणून "गवताचा काही संबंध नाही" असे सांगण्यात आले. बहीण न्यू जर्सीत असते. तिला दर ऑगस्ट-सप्टेंबरात रॅगवीडमुळे शिंका येतात आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनांनी तिला फरक पडला. वडिलांना तशी इंजेक्शने देता येतील का?

आधी इंजेक्शनांबद्दल सांगतो, कारण त्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. वडिलांना ती देऊ नका. बहिणीला ज्यामुळे गुण आला, त्याचा वडिलांच्या कातडीशी संबंध नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून गाजर गवत निर्दोष ठरत नाही. तुम्ही लिहिलेल्या जागा आणि हंगाम पाहता मला त्याचाच संशय सर्वात जास्त येतो. मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात असे चेहरे आमच्या ओपीडीत रोज असतात, आणि त्यातले अनेक जण हातात असाच नॉर्मल रिपोर्ट घेऊन आलेले असतात.

घोटाळा होतो तो एका गोष्टीमुळे. या वनस्पतींत दोन अगदी वेगळ्या प्रकारचे ॲलर्जीकारक पदार्थ असतात आणि त्यांतून दोन वेगळे आजार होतात. तपासणी एकाची केली जाते आणि निकाल दोन्हींचा लावला जातो.

पहिला पदार्थ म्हणजे परागकणांतली प्रथिने. रॅगवीडच्या बाबतीत यांचा अभ्यास फार खोलवर झाला आहे. रॅगवीड म्हणजे अँब्रोझिया, उत्तर अमेरिकेतले तण. त्याचे एक झाड एका हंगामात अब्जाच्या घरात परागकण सोडू शकते. कण साधारण 20 मायक्रॉनचे, हलके, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाणारे. नाकाच्या ओल्या अस्तरावर कण बसला की त्यातली पाण्यात विरघळणारी प्रथिने काही मिनिटांत बाहेर येतात. त्यातले सर्वात महत्त्वाचे प्रथिन 1960 च्या दशकात वेगळे काढण्यात आले. तेव्हा त्याला 'अँटिजेन ई' म्हणत, आज 'ॲम्ब ए 1' म्हणतात. ज्यांच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, त्यांना लगेच शिंका, नाक गळणे, डोळ्यांना पाणी, काहींना दमा सुरू होतो. सगळा खेळ मिनिटांचा. हा बहिणीचा आजार. रक्तात मोजतात तीही हीच आयजीई.

दुसरा पदार्थ प्रथिन नाहीच. तो लहान रेणूंचा, तेलात विरघळणारा, चवीला कडू असा राळेसारखा अंश आहे. रसायनशास्त्रात त्याला सेस्क्विटर्पिन लॅक्टोन म्हणतात. गाजर गवतात यातले मुख्य रसायन पार्थेनिन; त्याच्याबरोबर कोरोनोपिलिन, अँब्रोसिन अशी भावंडेही असतात. अँब्रोसिन हे नाव अँब्रोझियावरूनच आले आहे, कारण गाजर गवत आणि रॅगवीड हे एकाच कुळातले, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले, आणि त्यातही अगदी जवळच्या शाखेतले. ही रसायने पानांवरच्या, खोडावरच्या आणि फुलांवरच्या बारीक ग्रंथीयुक्त केसांत साठवलेली असतात. परागकणांच्या तेलकट अंशातही ती सापडतात, पण मोठा साठा पाना-खोडांवर. झाडाच्या दृष्टीने ते कीड आणि जनावरांपासूनचे संरक्षण आहे.

हा रेणू स्वतः इतका लहान असतो की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एरवी त्याच्याकडे पाहणारही नाही. पण त्याच्या एका टोकाला असलेली रासायनिक रचना कातडीतल्या प्रथिनांना, विशेषतः त्यांच्यातल्या गंधकयुक्त भागांना, घट्ट चिकटते. मग शरीराला आपलेच प्रथिन परके वाटू लागते. या वेळी आयजीई लागत नाही. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात. त्या गोळा व्हायला वेळ लागतो. म्हणून आज गवतात काम केले तर खाज उद्या-परवा पेटते, आणि म्हणूनच बहुतेकांना गवताचा संबंध लक्षात येत नाही. "काल तर मी घरातच होतो," असे ते सांगतात, आणि ते खरेही असते.

आता रिपोर्टकडे पाहा. ज्या आजारात आयजीईचा हात नाही, त्याच्यासाठी आयजीई मोजली तर आकडा नॉर्मलच येणार. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईलही. पण निगेटिव्ह रिपोर्टने त्वचेच्या आजाराबद्दल काहीच ठरत नाही. शिवाय बाजारातल्या कित्येक पॅनेलमध्ये, म्हणजे एकदम तपासायच्या पदार्थांच्या यादीत, गाजर गवत नसतेच. मला जास्त त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे. याच पॅनेलमध्ये कुणाला वांगे, कुणाला शेंगदाणा, कुणाला तूरडाळ किंचित वाढलेली दाखवतात आणि माणूस वर्ष-वर्ष ती बंद करून बसतो. मानेवरचा इसब तसाच राहतो. वडिलांचे काही खाणे बंद केले असेल तर, दुसरे काही कारण नसल्यास, ते सुरू करा.

या त्वचारोगाचा इतिहास आपल्या दारातलाच आहे. गाजर गवत मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशातले. भारतातल्या जुन्या वनस्पतीनोंदींत त्याचे उल्लेख मागच्या शतकाच्याही आधीचे आहेत, पण ते पसरताना प्रथम ठळकपणे लक्षात आले ते पुण्यात, 1955-56 च्या सुमारास. पीएल 480 या अन्नमदतीच्या योजनेतल्या अमेरिकी गव्हाबरोबर बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पुण्याच्या त्वचारोग विभागांत चेहरा-मान सुजलेल्या रुग्णांची रीघ लागली. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी डॉक्टरांबरोबर 1974 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या त्वचारोगशास्त्रात पुण्याचे नाव या कारणासाठी गेले. अमेरिकेत हेच चित्र रॅगवीडच्या बाबतीत आधी दिसले होते. ब्रन्स्टिंग आणि विल्यम्स यांनी 1936 मध्ये रॅगवीडच्या त्वचारोगाचे 48 रुग्ण नोंदवले, आणि वनस्पतीच्या तेलाची इंजेक्शने देऊन संवेदनशीलता कमी करण्याचे आपले प्रयत्न फसल्याचेही त्याच लेखात लिहिले. तुमच्या इंजेक्शनांच्या प्रश्नाचे उत्तर इतके जुने आहे. भारतात गाजर गवताचा अर्क तोंडाने थोडा थोडा देऊन पाहिला गेला. काहींना फरक पडला, काहींचा त्रास भडकला. मी तो देत नाही.

वडिलांच्या त्रासाच्या जागांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निदानाचा निम्मा भाग तिथेच होतो. वाळलेल्या गवताचा चुरा, त्यावरचे केस आणि पराग हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसतात. जिथे घाम साचतो आणि वळ्या पडतात तिथे ते जास्त काळ टिकतात: पापण्या, कानामागची खाच, हनुवटीखाली, गळ्याच्या कडेने, शर्टाच्या उघड्या गळ्याशी, कोपर आणि गुडघ्याच्या आत. नुसत्या उन्हाने होणाऱ्या त्रासात वरची पापणी, कानामागची जागा आणि हनुवटीखालची सावली बहुधा वाचते. म्हणून मी रुग्णाला आधी मान वर करायला सांगतो आणि कान पुढे ओढून मागे बघतो. तिथेही कातडी लाल, जाड असेल तर हवेतून येणाऱ्या पदार्थाचा संशय पक्का होतो. अर्थात काही वर्षांनी हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. जुन्या रुग्णांची कातडी उन्हालाही सोसेनाशी होते, आजार पावसाळ्यापुरता न राहता बारमाही होतो, आणि हाताळला नाही तर कधी कधी सर्व अंगभर पसरतो. वडिलांची मान जाड आणि काळी झाली आहे, म्हणजे ते या वाटेवर बरेच पुढे आले आहेत. पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.

नक्की करण्यासाठी पॅच टेस्ट करा. पाठीवर गाजर गवताच्या अर्कासह इतर काही संशयित पदार्थ छोट्या चकत्यांवर लावून 48 तास ठेवतात, मग काढून वाचतात, आणि चौथ्या दिवशी पुन्हा वाचतात. दुसरे वाचन टाळू नका; कित्येकदा खरे उत्तर तेव्हाच दिसते. भारतीय रुग्णांसाठी जो प्रमाणित संच वापरतात त्यात गाजर गवत असते, म्हणून मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या त्वचारोग विभागांत ही सोय बहुधा मिळते. या दिवसांत पाठीला पाणी आणि घाम लागू द्यायचा नाही, म्हणजे शेतीची कामे बंद. आजार भडकलेला असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही चाचणी घेत नाहीत. वडील केसांना किंवा मिशीला काळा रंग लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातल्या रसायनाने चेहरा आणि मान अगदी अशीच होऊ शकते, आणि तो पदार्थ त्याच चाचणीत तपासता येतो. घरी गवताचे पान हातावर चोळून बघू नका. त्याने मोठे फोड येतात, आणि ज्याला ॲलर्जी नाही त्याला ती नव्याने लागू शकते.

उपचारांत सगळ्यात आधी काय थांबवायचे ते बघा. गावात मेडिकलमधून मिळणारी 'खाजेची ट्यूब' बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. चार दिवस आराम पडतो, म्हणून माणूस ती महिनोन् महिने चेहऱ्याला लावत राहतो. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ उठते, आणि ट्यूब बंद केली की आग पूर्वीपेक्षा जास्त. तसेच 'महिनाभर टिकणारे' इंजेक्शन. तेही लांब पल्ल्याचे स्टिरॉइडच असते. दर पावसाळ्यात अशी दोन-तीन घेतलेल्या रुग्णांची साखर आणि रक्तदाब वाढलेले मी वारंवार पाहतो. वडिलांनी असे काही घेतले असेल तर लपवू नका, एकदम स्वतःहून बंदही करू नका. डॉक्टरांना सांगून टप्प्याने कमी करा.

नीट केलेल्या उपचारात भडका शांत करण्यासाठी स्टिरॉइड लागतेच, पण ठरावीक दिवसांसाठी आणि जागेप्रमाणे: अंगावर तीव्र, चेहऱ्यावर सौम्य, पापण्यांसाठी टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम. सेटिरिझिनच्या जातीच्या गोळ्यांनी रात्री थोडी झोप लागते, एवढेच. त्या हिस्टामिन या शिंका आणणाऱ्या रसायनाला अडवतात आणि या आजारात ते मुख्य गुन्हेगार नाही. बहिणीच्या शिंका ज्या गोळीने थांबतात तिने वडिलांचा इसब का हलत नाही, याचे कारण हेच.

वडिलांसारख्या जुन्या आजारात बहुधा ॲझाथायोप्रिन हे औषध लागते. गाजर गवताच्या त्वचारोगावर या औषधाचा सगळ्यात जास्त अभ्यास भारतातच झाला. दिल्लीच्या एम्समध्ये रोजच्या डोसाबरोबरच आठवड्यातून एकदा 300 मिलिग्रॅम देण्याची पद्धतही तपासली गेली आणि ती उपयोगी ठरली. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "औषध लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. मात्र हे औषध रक्तपेशी कमी करू शकते. आपल्याकडे काही लोकांत एनयूडीटी 15 नावाच्या जनुकात असा बदल असतो की नेहमीचा डोसही त्यांना फार जड जातो. जनुकाची तपासणी परवडत असेल तर करून घ्या. नाही तर सुरुवातीला डोस कमी ठेवून दोन आठवड्यांत रक्तपेशी मोजायच्या, मग नियमित अंतराने पेशी आणि यकृताच्या तपासण्या. आधी छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नाही ना हे पाहणे आपल्या भागात मी सक्तीचे मानतो. आणि वडिलांना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आवर्जून सांगा. यातले कोणतेही ॲझाथायोप्रिनबरोबर पडले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. ताप आला, तोंड आले, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी गोळी थांबवून रक्त तपासा.

ॲझाथायोप्रिन सोसले नाही तर मेथोट्रेक्सेट आहे, आणि अलीकडे टोफासिटिनिबसारखी औषधेही वापरली जातात. मेथोट्रेक्सेट दिले तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

औषधे चालू असताना गवताशी संपर्क तसाच राहिला तर हे सगळे अर्धवट पडते. "रान सोडून दुसरीकडे जा" असे सांगणे सोपे आहे, पण शेतकऱ्याला ते जमणारे नाही. ज्यांना जमते त्यांना बरे वाटते, परत आले की त्रासही परततो. मग जे शक्य आहे ते करू. गाजर गवत उपटण्याचे काम वडिलांनी स्वतः करायचे नाही, हातमोजे घालूनही नाही. ते घरातल्या किंवा रोजंदारीवरच्या अशा माणसाने करावे ज्याला त्रास नाही, आणि त्यानेही पूर्ण बाह्या, जाड हातमोजे आणि नाकावर फडके वापरावे. जून-जुलैत जमीन ओली असताना, फूल धरण्याआधी उपटले तर मुळासकट येते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येऊ लागतात आणि एक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे पहिल्या पावसानंतरचे आठवडे हातचे घालवू नका. उपटलेले गवत बांधावर वाळत ठेवू नका. पार्थेनिन वाळल्यावरही टिकते, आणि वाळलेला चुरा ओल्या पानापेक्षा हवेत सहज उडतो. फूल येण्याआधीचे गवत खड्ड्यात घालून कंपोस्ट करता येते.

याच कारणाने मळणी फार घातक. सोयाबीन किंवा ज्वारीच्या पिकात गाजर गवत मिसळलेले असेल तर मशीनमधून त्याचाही भुसा उडतो. वडिलांनी त्या दिवशी खळ्यावर थांबू नये. कडबा कुट्टीच्या यंत्राजवळही तेच. शेतातून आल्यावर आंघोळ, डोक्यासकट. अंगातले कपडे लगेच धुवायला. आणि चेहऱ्याला गुंडाळायचे उपरणे रोज नवे. आठवडाभर तेच उपरणे वापरले तर त्यात अडकलेली धूळ रोज पापण्यांवर चोळली जाते. धुतलेले कपडे बांधावरच्या झुडपांवर वाळत घालू नका. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली ठेवा. कालव्याच्या आणि रस्त्याच्या कडेचे गवत बारा महिने हिरवे असते.

तुमच्या रानात पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगे गाजर गवताची पाने खाताना दिसले तर त्यांच्यावर फवारणी करू नका. तो मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा. 1984 मध्ये बंगळूरला तो मुद्दाम सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफूल खातो अशी भीती उठली होती, पण तपासाअंती ती टिकली नाही. तो पावसाळ्यातच काम करतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन बसतो, त्यामुळे एकट्याच्या बळावर रान साफ करत नाही. पण पाने खाल्लेल्या झाडाला फुले कमी येतात, आणि तेवढी धूळही कमी. मोकळ्या जागी पावसाआधी तरोट्याचे बी फेकले तर तरोटा गाजर गवताला बऱ्यापैकी दाबतो.

एक काळजी घरातलीही आहे. सूर्यफुलाच्या कुळातल्या इतर वनस्पतींतही याच जातीची रसायने असतात, आणि गाजर गवताच्या रुग्णाला त्यांचाही त्रास होऊ शकतो. शेवंती हे त्यातले नेहमीचे उदाहरण. गौरी-गणपतीत शेवंतीचे हार करून वडिलांची बोटे आणि पापण्या सुजत असतील तर ते काम दुसऱ्याकडे द्या. शेतातल्या शंकेश्वरापासूनही, म्हणजे ज्याची काटेरी फळे धोतराला चिकटतात त्या तणापासूनही, त्यांनी दूर राहावे.

बहिणीसाठी दोन शब्द. तिचा आजार परागातल्या प्रथिनाचा असल्यामुळे तिच्यासाठी इंजेक्शने योग्यच आहेत; ती साधारण तीन ते पाच वर्षे घ्यावी लागतात. रॅगवीडची जिभेखाली ठेवायची गोळीही अमेरिकेत 2014 पासून मंजूर आहे. नाकातला स्टिरॉइडचा फवारा शिंका सुरू झाल्यावर शोधण्यापेक्षा ऑगस्टच्या मध्याआधी दोन आठवडे सुरू करावा. टरबूज, केळे किंवा काकडी खाल्ल्यावर तोंडात खाज येत असेल तर तीही रॅगवीडशी जोडलेली असू शकते, ते तिने आपल्या डॉक्टरांना सांगावे.

तिची ॲलर्जी कदाचित बार्शीतच रुजली असेल. बंगळूरच्या संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची गाजर गवताच्या परागाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येते, आणि या परागातली प्रथिने रॅगवीडच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की एकाविरुद्ध तयार झालेली आयजीई दुसऱ्यालाही ओळखते. त्यामुळे गाजर गवतात वाढलेल्या माणसाला अमेरिकेत गेल्यावर रॅगवीडच्या पहिल्या-दुसऱ्या हंगामातच त्रास होऊ शकतो. उलटही खरे आहे. ती पावसाळ्यात गावी येणार असेल तर नाकाचा फवारा आणि गोळ्या बरोबर आणाव्यात आणि दमा असेल तर इनहेलर विसरू नये. तिची इंजेक्शने चालू असतील तर प्रवासामुळे पडणाऱ्या खंडाबद्दल निघण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोलावे, कारण मोठा खंड पडला की पुढचा डोस कमी करून सुरू करावा लागतो.